फावला वेळ : कोणाचा किती?

माणसाच्या आयुष्यात सर्वांत कमी मोकळा वेळ कोणत्या वयात मिळतो? अमेरिकेचे याबाबतचे उत्तर स्पष्ट आहे. तेथे २००३ पासून दरवर्षी नागरिकांच्या दिनचर्येची पाहणी होते. या पाहणीत ३५ ते ४४ या वयोगटाला दिवसाकाठी जेमतेम चार तास विरंगुळ्यासाठी मिळतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मात्र सात तासांहून अधिक मिळतात. यातला मोठा वाटा दूरचित्रवाणीचा असतो. नोकरी, वाढती मुले आणि थकलेले आईवडील अशा तिहेरी जबाबदाऱ्या एकाच वेळी येऊन पडण्याचा हा काळ असतो.

रविवारची देणगी

आठवड्याची सुटी ही आज आपल्याला स्वाभाविक वाटते. पण ती मागून मिळवावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली. राज्य शासनाच्या कार्यालयांत पाच दिवसांचा आठवडा फेब्रुवारी २०२० अखेरीस लागू झाला. फ्रान्सने २००० च्या सुमारास ३५ तासांचा कामाचा आठवडा कायद्याने स्वीकारला. जपानमध्ये १९७६ पासून दर पाच वर्षांनी वेळेच्या वापराची आणि विरंगुळ्याची शासकीय पाहणी होते. यावरून हा विषय तेथे किती गांभीर्याने घेतला जातो, ते कळते.

दिंडोरीचे पंचांग

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात मात्र रविवारचा हा हिशेब लागू पडत नाही. येथील द्राक्ष बागायतदाराचा वेळ बाग ठरवते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, त्यानंतर विरळणी आणि भुरी-केवड्याच्या धास्तीने फवारण्या, मग जानेवारीपासून काढणी. ढगाळ हवेत तर रात्रीची झोपही निश्चिंत नसते. त्यामुळे येथील विश्रांती आठवड्याने नव्हे, हंगामाने येते. काढणी आटोपत आली, की चैत्रात सप्तशृंगगडाची यात्रा भरते. गावोगावच्या भजनी मंडळांत आणि हरिनाम सप्ताहांत चाळिशी-पन्नाशीतली मंडळीच टाळ-मृदंग घेऊन बसलेली दिसतात. जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात बोहाड्यात मुखवटे चढवून सोंगे नाचवली जातात. हा विरंगुळा विकत घ्यावा लागत नाही. तो चारचौघांत वाटून घेतलेला असतो.

आकड्यांमागचे

भारतात देशव्यापी वेळवापर सर्वेक्षण प्रथम २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये झाले. २०२४ च्या पाहणीनुसार सहा वर्षांवरील पुरुषांनी संस्कृती, विरंगुळा, प्रसारमाध्यमे आणि खेळ यांसाठी दिवसाला सरासरी १७७ मिनिटे दिली, तर स्त्रियांनी १६४. फरक अवघ्या १३ मिनिटांचा! मात्र घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात २८९ मिनिटे जातात आणि ते काम करणाऱ्या पुरुषांची ८८. शिवाय गप्पागोष्टी, सामाजिक सहभाग आणि धार्मिक कार्ये यांची नोंद या पाहणीत वेगळ्या शीर्षकाखाली होते. म्हणजे दिंडोरीतील भजनाची बैठक 'विरंगुळा' म्हणून मोजलीच जात नाही.

ही विषमता केवळ आपल्याकडचीच नाही. विकसित देशांच्या संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत इटलीतील पुरुषांना स्त्रियांपेक्षा दररोज सुमारे ८० मिनिटे अधिक मोकळी मिळत होती, तर नॉर्वेत हे अंतर काही मिनिटांवर आले होते. घरकामाची वाटणी जेथे समान, तेथे फुरसतही समान, हेच त्यातून दिसते.

द्राक्षबागेत दिवसभर विरळणी करून संध्याकाळी चूल पेटवणाऱ्या मजूर स्त्रीला हे आकडे सांगण्याची गरज नाही. तिच्या वाट्याला येणारा मोकळा वेळ सलग नसतो. धान्य निवडताना, पाणी भरताना शेजारणीशी झालेल्या बोलण्यात तो तुकड्यातुकड्यांनी सापडतो. लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी मिळवलेला रविवार शंभराहून अधिक वर्षांनंतरही तिच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलेला नाही. तो पोहोचवण्यासाठी कायदा लागत नाही. घरातल्यांनी एखादे काम आपल्या हाती घेतले, तरी पुरेसे असते.