रंगो बापूजींची वकिली

ज्या वकिलाचा धनी पदच्युत झाला आणि पुढें राज्यहि बुडालें, त्यानें बोलावें तरी कोणासाठीं? रंगो बापूजी गुप्ते यांच्यापुढें हाच प्रश्न उभा राहिला.

१८३९ सालीं मुंबईचे गव्हर्नर कारनॅक यांनीं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून कटाच्या आरोपाची कबुली मागितली. महाराजांनीं सही नाकारली; गादी गेली, आणि त्यांना काशीस धाडण्यांत आलें. त्यांची दाद मागण्यासाठीं रंगो बापूजी लंडनला गेले.

मागणी साधी होती: आरोपांची उघड चौकशी व्हावी. कंपनीच्या भागीदारांच्या सभेंत जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्प्सन अशा इंग्रजांनींच ती उचलून धरली. पण निकाल फिरला नाहीं. १८४७ सालीं महाराज काशीस वारले, १८४८ सालीं सातारा खालसा झाला. उरला तो धन्याच्या नांवावरील कलंक. तो पुसण्यासाठीं हा वकील १८५३ पर्यंत तेथेंच झगडत राहिला.

१८५७ सालीं साताऱ्यांतील कटांत त्यांचें नांव आलें. पुत्र सीतारामास फांशी झाली. रंगो बापूजी मात्र इंग्रजांच्या हातीं लागले नाहींत. शिष्टाई फसली खरी. पण इतकीं वर्षें अर्जविनंत्या करणाऱ्यास बंडाच्या वाटेस कोणीं लावलें, याचें उत्तर कंपनीच्याच दप्तरांत आहे.