कात्रजचा नळ आणि जळालेले पुणे

१/ सन १७६३. पेशवे माधवराव व रघुनाथराव फौजेसह निजामाच्या मुलुखात होते, तेव्हा निजामअली पुण्यावर चालून आला. शहर लुटले गेले, घरे-वाडे जाळले गेले. पानिपतच्या घावाला जेमतेम दोन वर्षे लोटली होती.

२/ १० ऑगस्टला राक्षसभुवनच्या लढाईत निजामाचा पराभव झाला. परंतु पुणेकरांपुढे राखेचे ढीग उरलेच होते. घर पुन्हा उभारता येते, पण चुना कालवायलाही आधी पाणी लागते. पुण्याचा एक मोठा जलसाठा मात्र शहरापासून दूर, कात्रजच्या डोंगराच्या पायथ्याशी होता.

३/ ही योजना नानासाहेब पेशव्यांच्या काळातली. सन १७४९ च्या सुमारास कात्रजला आंबील ओढ्यावर बांध घालून तलाव करण्यात आला. तेथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगड-विटांचा, चुन्यात बांधलेला नळ आणला गेला.

४/ पंप नाही, चाक नाही. केवळ उताराच्या बळावर पाणी वाहत असे. वाटेत गाळ खाली बसे. ठिकठिकाणी बांधलेल्या ‘उच्छ्वासां’तून कोंडलेली हवा बाहेर पडे. नळ असा प्रशस्त, की सफाईसाठी माणूस आत उतरू शके.

५/ शहरात हे पाणी हौदांतून मिळे. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे त्याच जलव्यवस्थेची आठवण देतात.

६/ पुणे पुन्हा वसले, वाढले. पुढे १८०२ ची लढाई व लूट झाली, १८१८ मध्ये पेशवाई संपली, १८२८ मध्ये शनिवारवाडा आगीत भस्मसात झाला. सत्ता बदलल्या, कात्रजचे पाणी वाहतच राहिले.

७/ तथापि, पाणी शहरात पोहोचले म्हणजे सर्वांपर्यंत पोहोचले असे नव्हे. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना सार्वजनिक हौद वर्ज्य होते. उतार बांधणाऱ्यांना जमले, ते समाजाला जमले नाही.

८/ सन १८६८ मध्ये जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. कात्रजचा बांध घातल्याला तेव्हा शंभरावर वर्षे झाली होती.

९/ सन १८७९ मध्ये खडकवासल्याचे धरण पूर्ण झाले आणि शहराची भिस्त हळूहळू तिकडे सरकली. कात्रजचा तलाव आजही आहे. उद्ध्वस्त शहर सावरते ते पाण्यावर; आणि ते किती सावरले, हे हौदावर कोणाला उभे राहता येते यावरूनच ठरते.