पाठीशी बांधलेलं मूल

झाशीच्या राणीचा पुतळा आपण सर्वांनी कुठे ना कुठे पाहिला आहे. उधळलेला घोडा, हातात तलवार आणि पाठीशी कापडाने बांधलेलं मूल. आपण घोडा पाहतो, तलवार पाहतो. ती गाठ कशी मारली असेल, हे मात्र कुणी पाहत नाही. खरं म्हणजे त्या मुलाच्या बाबतीत शिल्पकारांनी थोडी मोकळीक घेतली आहे. दामोदरराव १८४९ सालचा. १८५८ च्या एप्रिलमध्ये राणीने किल्ला सोडला तेव्हा तो आठ वर्षांचा होऊन गेला होता. पुतळ्यात तो बहुधा दोन-तीन वर्षांचा दिसतो. पाठीशी बांधलेलं मूल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तान्हंच येतं, त्याचा हा परिणाम असावा.

पण तान्ह्याला अंगाशी बांधण्याची विद्या बखरीत नाही, दप्तरातही नाही. तो बायकांचा मामला! आपल्याकडे मूल कडेवर, नाही तर बांधावरच्या झाडाला टांगलेल्या लुगड्याच्या झोळीत. झारखंडात, नेपाळात आणि ईशान्येच्या डोंगरांत बायका मूल पाठीशी बांधून चढण चढतात. विलायतेत वेल्समधल्या बायका शालीत गुंडाळून नेत. पुढे श्रीमंतांघरी बाबागाडी आली, आणि कापडात बांधलेलं मूल हे गरिबीचं लक्षण ठरलं.

ही समजूत उलटायला टोगो हा पश्चिम आफ्रिकेतला लहानसा देश कारण झाला. १९६० नंतरच्या त्या पहिल्या वर्षांत अ‍ॅन मूर ही अमेरिकन परिचारिका शांतिसेनेतर्फे तिथे गेली होती. तिथल्या बायका मूल पाठीशी बांधून बाजार करीत, पाणी भरीत, आणि मुलं फारशी रडत नसत, हे तिनं पाहिलं. मायदेशी परतल्यावर तिला मुलगी झाली. तिनंही तसंच बांधून पाहिलं, तर मूल खाली घसरू लागलं. कापड होतं, हात नव्हता! टोगोची मुलगी धाकट्या भावंडांना पाठीवर घेत घेत हे शिकते; ते एका दिवसात कसं यावं? शेवटी अ‍ॅनच्या आईनं पट्टे लावलेली पिशवी शिवून दिली, पाय बाहेर काढायला भोकं ठेवली, आणि १९६९ साली त्या पिशवीचं पेटंट निघालं.

डॉक्टरांचं लक्ष त्यानंतर तिकडे गेलं. १९८६ साली कॅनडात माँट्रियलच्या ९९ मायलेकरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जी मुलं रोज अधिक वेळ अंगावर घेतली गेली, ती सहाव्या आठवड्यात इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडत होती. आमच्या आज्यांना हे ऐकून हसू आलं असतं.

मग कारखाने सरसावले आणि हातावाचून कापड घरोघर गेलं. त्यात एक तऱ्हा खोल पिशवीची होती. मूल तिच्या तळाशी मुरडून बसे आणि हनुवटी छातीला टेके. तान्ह्याची मान डोक्याचा भार पेलत नाही. हनुवटी टेकली की श्वासाची वाट चिंबते, आणि मूल रडूही शकत नाही. ही फार जुनी गोष्ट नव्हे! मार्च २०१० मध्ये अमेरिकी सरकारने जाहीर इशारा दिला: वीस वर्षांत झोळ्यांपायी निदान १४ मुलं दगावली होती, त्यांतली १२ चार महिन्यांच्या आतली. त्याच महिन्यात तसल्या सुमारे दहा लाख पिशव्या बाजारातून परत बोलावल्या गेल्या.

तेव्हा झोळी घ्यायची तर कापडाचा रंग नंतर पाहावा. घट्ट विणीचं सुती कापड उत्तम. निसरडं रेशीम नको. जुनं लुगडं मऊ असतं खरं, पण ते उजेडापुढे धरावं. कुठे विरलेलं दिसलं तर त्याची गोधडी करावी. बांधल्यावर मूल इतकं वर हवं की मान वाकवली की त्याचा मुका घेता यावा. तोंड उघडं, डोळ्यांसमोर. हनुवटी आणि छाती यांत बोटभर जागा. पाठीला कापडाचा सबंध आधार, आणि गुडघे ढुंगणापेक्षा वर, बेडकासारखे. पाय सरळ लोंबू दिले तर खुब्याच्या सांध्यावर ताण येतो. मान धरेपर्यंत मूल पोटाशीच बांधावं, पाठीशी नंतर. अपुऱ्या दिवसांचं किंवा सर्दीनं चोंदलेलं मूल असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

पहिले काही दिवस पलंगाशी उभं राहून बांधावं, आणि जवळ दुसरं माणूस असू द्यावं. चूल आणि विळी यांच्याजवळ मात्र झोळीतलं मूल घेऊन जाऊ नये. त्या वेळी ते आजीकडे द्यावं.