तेल, मेण आणि मावळातला पाऊस

लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पूर्वेला कामशेत, वडगाव, तळेगावकडे जावे तसा तो झपाट्याने उतरतो. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ यांच्या पश्चिम टोकाला मात्र आषाढ-श्रावणात दिवसचे दिवस हवा ओलीच असते. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू एवढेच पुरते. हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर धरतो आणि गंजण्याचा वेग वाढतो. हा गंज सच्छिद्र असल्यामुळे खालच्या धातूला आडोसा देत नाही. आत ओल मुरतच राहते. म्हणून या भागात पावसाचा एक थेंबही न लागलेली, पेटीत ठेवलेली हत्यारेसुद्धा तांबूस होतात.

लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना आणि राजमाची हे मावळातले किल्ले याच पावसात उभे आहेत. तोफा, दरवाजांवरचे खिळे आणि पट्ट्या, बिजागऱ्या, कड्या, भाले, तलवारी असे किल्ल्यांवरचे लोखंड वर्षानुवर्षे टिकवणे हे मोठे काम होते. त्याचा लेखी नियम रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. १७१५-१६ च्या सुमारास कोल्हापूरच्या छत्रपती संभाजी महाराजांसाठी लिहिलेल्या या राजनीतीच्या ग्रंथात दुर्गांचे प्रकरण सर्वांत तपशीलवार आहे. पावसाळा येताच तोफांना आणि दरवाजांना तेल व मेण द्यावे, तोफांच्या कानांत मेण भरावे आणि तोफेवर तिच्या मापाचे आच्छादन घालावे, असे त्यात सांगितले आहे. दारू, बाण वगैरे ठरावीक दिवसांनी बाहेर काढून उन्हात तापवावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे, हेही त्यातच आहे.

गंजरोधनाची आजची काही मूलभूत तत्त्वे या एका सूचनेत आलेली आहेत. नुसते तेल धातूच्या बारीक खाचांत शिरते, पण पातळ असल्यामुळे ओघळते आणि पावसाने धुऊन जाते. नुसते मेण घट्ट बसते, पण खाचांत उतरत नाही आणि त्याला चिरा पडतात. दोन्ही एकत्र केले की खाचांत शिरणारा आणि तरीही जागचा न हलणारा मऊ थर मिळतो. तोफेचा कान, म्हणजे बत्ती देण्याचे भोक, ही तिची सर्वांत नाजूक जागा. तिथे पाणी साचले तर गंज थेट दारूच्या कोठीपर्यंत पोचतो आणि भोक रुंदावून तोफ निकामी होते. म्हणून कानाचा उल्लेख वेगळा केला असावा. लिहिणाऱ्याने हे काम प्रत्यक्ष पाहिलेले असावे, असे त्या तपशिलावरून वाटते.

मराठ्यांचे राज्य गेल्यावर ही निगा थांबली. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी विसापूर घेतला आणि लगेच लोहगडही त्यांच्या हाती गेला. विसापुरावरच्या तोफांचे गाड्यावर टेकणारे बाजूचे दांडे तोडून त्या निकामी केल्याची नोंद पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. त्यातल्या एका तोफेवर ट्यूडर गुलाब, मुकुट आणि ई. आर. ही अक्षरे असल्याचे तिथे म्हटले आहे. ती पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातली असावी आणि एखाद्या इंग्रजी जहाजावरून मराठी आरमाराच्या हाती लागलेली असावी, असा गॅझेटियरचा तर्क आहे. ओतीव लोखंड जाड असल्यामुळे अशा तोफा टिकतात, पण खुणा आणि अक्षरे आधी झिजतात. लोखंडी तोफा स्वच्छ करून त्यांना मेणाचा थर देण्याची पद्धत संग्रहालये आजही वापरतात. सह्याद्रीच्या किल्ल्यांवरच्या प्रत्येक तोफेला ती मिळायला हवी.

हत्यारांच्या निगेला पंचांगातही जागा होती. पावसाळ्याच्या तोंडावर तेल-मेण द्यायचे आणि आश्विनात ते उतरवून हत्यार तपासायचे. आश्विन शुद्ध नवमी ही खंडेनवमी. त्या दिवशी शस्त्रे पुसून, उजळून पुजली जातात आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सीमोल्लंघन होते. मोहिमा बहुधा पावसाळा सरल्यावर निघत असल्यामुळे या पूजेला पाहणीचे स्वरूप आपोआप येई. उजळण्याचे काम शिकलगारांचे. कुरुंदाची साण फिरवून ते गंज काढत आणि पात्याला धार व झळाळी देत. धर्माचार आणि कारागिरी यांची इतकी उपयुक्त सांगड क्वचितच दिसते. आज कारखान्यांत दसऱ्याला यंत्रे पुसून त्यांची पूजा होते, ती याच रिवाजाची पुढची पायरी आहे.

शेतकऱ्याचे विळे, कोयते, कुऱ्हाडी आणि नांगराचे फाळ गावच्या लोहाराच्या हातचे. तापलेले लोखंड तेलात विझवले की त्यावर काळा, काहीसा संरक्षक थर बसतो. लोहारकामातली ही जुनी युक्ती आहे. पुढे घरात मिळेल ते तेल हत्याराला लागे. करंजेल, खोबरेल आणि जवसाचे तेल यांचे गुण मात्र सारखे नाहीत. जवसाचे तेल हवेत वाळून कातडीसारखा थर धरते. खोबरेल वाळत नाही. वनस्पतिजन्य तेले जुनी झाली की खवट होतात आणि त्यांतली आम्ले धातूलाच खाऊ लागतात, हा त्यांचा मोठा दोष.

भोर घाटातला लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला आणि यंत्रांचे लोखंड मावळात आले. घाट चढण्यासाठी जादा इंजिने लागत, त्यामुळे लोणावळा हे रेल्वेचे महत्त्वाचे ठाणे झाले. त्या काळी भारतातल्या रेल्वे वंगणासाठी एरंडेल मोठ्या प्रमाणावर वापरत. खनिज तेल स्वस्त झाल्यावर ते मागे पडले. खनिज तेल खवट होत नाही, आणि गंजरोधनाच्या दृष्टीने हा बदल मोठा होता. रुळांच्या सांध्यांना ग्राफाइटमिश्रित वंगण देण्याचे काम मात्र रेल्वे पावसाळ्यानंतर, थंडीच्या महिन्यांत करते. तिथे पंचांग उलटे चालते.

१५ फेब्रुवारी १९४५ रोजी लोणावळ्यात नौदलाची शिवाजी ही यांत्रिकी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. आजची आयएनएस शिवाजी तीच. खाऱ्या पाण्यावर चालणारी यंत्रे सांभाळणारे नौसैनिक देशातल्या अत्यंत पावसाळी डोंगरावर घडू लागले. याच सुमारास जगभर गंजरोधक द्रव्यांचे शास्त्र आकाराला येत होते. मिठाच्या फवाऱ्यात पत्रे ठेवून गंज मोजण्याची अमेरिकी प्रमाणित चाचणी १९३९ ची. डब्ल्यूडी-४० हा प्रसिद्ध फवारा १९५३ मध्ये सॅन दिएगो इथे तयार झाला. त्याच्या नावातली अक्षरे पाणी हटवण्याच्या गुणाची आणि आकडा चाळिसाव्या प्रयोगाचा. ॲटलस क्षेपणास्त्राचे बाहेरचे कवच गंजापासून वाचवण्यासाठी तो वापरला गेला.

फवाऱ्यातले पातळ द्रावक उडून जाते आणि मागे तेलाचा अगदी विरळ थर राहतो. पाणी हटवायला आणि जाम झालेला नट सोडवायला तो उत्तम. चार महिन्यांच्या धुक्यात हत्यार राखणे हे वेगळे काम आहे. त्याचा पडताळा कोणत्याही वर्कशॉपमध्ये घेता येतो. एकाच पोलादी पट्टीचे तुकडे सारखे घासून ॲसिटोनने तेलकटपणा काढावा आणि हात न लावता एकाला फवारा, एकाला यंत्राचे तेल, एकाला तेल-मेणाचे मिश्रण द्यावे. एक तुकडा कोरा ठेवावा आणि सगळे एकाच छपराखाली टांगावेत. कोऱ्या तुकड्याशिवाय तुलनेला अर्थ नाही. घामाच्या बोटांचे ठसेही निकाल बिघडवतात, कारण घामात मीठ असते.

मावळात पातळ फवाऱ्यावर पावसाळा काढण्याचा भरवसा धरू नये. मृगापूर्वी हत्यार घासून पूर्ण कोरडे करावे, फवाऱ्याने उरलीसुरली ओल काढावी आणि त्यावर ग्रीसचा किंवा तेल-मेणाचा जाड थर द्यावा. तो दसऱ्यालाच पुसावा.