किंकाळी आणि वाचा : ‘आक्रोश’च्या शेवटाविषयी

गोविंद निहलानी यांच्या ‘आक्रोश’ (१९८०) या पहिल्या चित्रपटात लहाण्या भिकू हा आदिवासी आपल्या वकिलाशीही बोलत नाही. पत्नीच्या खुनाचा खोटा आरोप त्याच्यावर आहे; तिच्यावर बलात्कार करून तिला मारणारे गावातील प्रतिष्ठित आहेत. बापाच्या अंत्यविधीसाठी त्याला पोलीस पहाऱ्यात आणले जाते आणि तेथे तो कुऱ्हाड उचलून स्वतःच्या धाकट्या बहिणीला ठार करतो. पत्नीच्या वाट्याला आले ते तिच्या वाट्याला येऊ नये म्हणून. त्यानंतर उठते ती ओम पुरींची किंकाळी. विजय तेंडुलकरांच्या पटकथेतला हा आघात हेतुपुरस्सर योजलेला आहे. तो परिणामकारक आहे यात शंका नाही. पण परिणाम म्हणजे आशय नव्हे.

तेंडुलकरांच्या हिंसाविषयक आस्थेला नेहरू पाठ्यवृत्तीच्या काळातील (१९७३–७५) अभ्यासाची बैठक होती. त्यामुळे धक्क्याच्या हव्यासापोटी धक्का हा आक्षेप येथे टिकत नाही. अडचण निराळी आहे. लुई बुन्युएलच्या ‘लास उर्देस’मध्ये (१९३३) कड्यावरून कोसळणारी बकरी प्रत्यक्षात गोळी घालून पाडलेली आहे, पडद्याच्या कडेला धूरही दिसतो. दारिद्र्याचे भीषण दर्शन घडविताना दिग्दर्शक ते काही अंशी रचतो, आणि ज्यांचे ते दारिद्र्य त्यांना मात्र बोलू देत नाही. प्रेक्षक हादरतो तो त्यांच्या मुकेपणाने. ‘आक्रोश’लाही हे मौन कलात्मकदृष्ट्या अपरिहार्य आहे, कारण लहाण्या मध्येच बोलता तर किंकाळीचे बळ ओसरले असते.

डहाणू-तलासरीचा इतिहास या मौनाशी ताडून पाहावयास हवा. येथील वारली लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेई आणि ‘लग्नगडी’ म्हणून पत्नीसह त्याच्याकडे राबे. त्या स्त्रीच्या देहावरही मालक हक्क सांगे. म्हणजे ‘आक्रोश’मधील अत्याचार येथे अपवाद नव्हता, रीत होती. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याच्या किसान परिषदेस झरी गावचा माह्या धांगडा गेला, आणि २३ मे १९४५ रोजी झरीतच काही हजार वारली जमले. वेठ करावयाची नाही, लग्नगडी राहावयाचे नाही, असे तेथे ठरले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्यास पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड व इतर चौघे मारले गेले. चळवळ मात्र थांबली नाही.

गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये (१९७०) या छळाची वर्णने आहेत, आणि ती कोणत्याही चित्रपटाइतकी असह्य आहेत. मात्र तेथे ज्याच्यावर जुलूम झाला तो स्वतः सांगतो, आणि सांगणे हीच त्याची पहिली कृती ठरते. पुस्तकात धक्क्यानंतर सभा भरते. चित्रपटात धक्क्यानंतर उरतो तो भास्कर कुलकर्णी हा सुशिक्षित वकील, त्याच्या अस्वस्थतेसह. ‘आक्रोश’ला जे काही म्हणावयाचे आहे ते या वकिलाविषयी, म्हणजे पर्यायाने चित्रपटगृहातील मध्यमवर्गाविषयी. ते म्हणणे खरे आहे आणि मोलाचेही. आदिवासीविषयीचे सत्य म्हणून त्याची भलामण करण्याची घाई मात्र समीक्षेने करू नये.

कुऱ्हाडीपेक्षा अधिक बोचरे असे एक स्थळ या पटकथेत आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. लहाण्याविरुद्ध खटला चालविणारा सरकारी वकील दुसाने (अमरीश पुरी) जन्माने आदिवासी आहे. त्याच्या वाट्याला किंकाळी नाही, रक्त नाही. आहे ती फक्त कायद्याची निर्दोष भाषा. पूर्वी वारल्यांना न मिळालेली वाचा त्याला पुरती मिळालेली आहे, आणि तिचा उपयोग तो लहाण्याला दोषी ठरविण्यासाठी करतो.