रीडसाहेब आणि तिसरी पलटण

बेळगावच्या कॅम्पातून येता-जाता "बोला श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" ही घोषणा ऐकली नाही असा बेळगावकर विरळा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथं १९२२ पासून आहे. पण ही युद्धघोषणा पलटणीत कधी आली म्हणून विचारलं, तर बहुतेक लोक थेट शिवकाळात जातात. पलटणीत परंपरेनं सांगतात ते वेगळंच. ही घोषणा उठली आफ्रिकेत, इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरावर, १९४१ साली.

त्या लढाईत तिसऱ्या पलटणीचे, म्हणजे ३/५ मराठाचे कमांडर होते लेफ्टनंट कर्नल डेनिस रीड. जन्म १८९७ चा, पहिलं महायुद्ध पाहिलेला माणूस. आपल्याकडं गोऱ्या अधिकाऱ्यांबद्दल एकतर भक्तीनं लिहितात, नाहीतर नावच काढत नाहीत. मला दोन्ही पटत नाही. साहेब साम्राज्याचा चाकर होता हे खरं. पण आपल्या पोरांचा त्या वर्षांतला माग काढायचा तर साहेबाच्या मागावरूनच जावं लागतं, कारण कागदावर त्याचंच नाव जास्त सापडतं.

तर केरेन. अगोर्दातहून अस्माराकडं जाणारा रस्ता एका अरुंद खिंडीतून चढतो. इटालियनांनी सुरुंग लावून खिंडीतला रस्ता दगडांनी बुजवून टाकला होता आणि दोन्ही बाजूंचे सुळके धरून बसले होते. फेब्रुवारीतले हल्ले फसले. १५ मार्चला पुन्हा सुरुवात झाली. खिंडीवर नजर ठेवणारा दोलोगोरोदोकचा किल्ला घ्यायचा, पण त्याच्या वाटेवर पिनॅकल आणि पिंपल हे दोन सुळके. दिवसा हायलँडर्सच्या पलटणीनं प्रयत्न केला. ऊन आणि गोळीबार यांत ती अडकून पडली. मग संध्याकाळी रीडसाहेबांच्या मराठ्यांना पिनॅकल घ्यायचा हुकूम झाला.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला कडा नवा नसतो, असं आपण सहज म्हणून जातो. पण वरून हातबॉम्ब पडत असताना, पाठीवर ओझं घेऊन, अंधारात तो कडा चढायचा म्हणजे काय, हे ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. मराठ्यांनी रात्रीत पिनॅकल घेतलं. शेजारचं पिंपल फ्रंटियर फोर्सच्या जवानांनी घेतलं. १६ ची पहाट होता होता वेस्ट यॉर्कशायरची पलटण त्याच वाटेनं पुढं जाऊन किल्ल्यावर पोचली. केरेन पडलं २७ मार्चला. पण किल्ला हातात आल्यावाचून खिंड मोकळी झाली नसती, आणि पिनॅकलवाचून किल्ला आला नसता.

रीडसाहेब लवकरच ब्रिगेडियर झाले. नोव्हेंबर १९४१ मध्ये जराबुबच्या मरूद्यानातून निघून त्यांनी वाळवंट ओलांडलं आणि जालो काबीज केलं. पुढच्या जूनमध्ये रोमेलच्या रेट्यापुढं त्यांच्या ब्रिगेडनं एल अदेमचा तळ काही दिवस धरून ठेवला. पण महिनाअखेर फुका इथं ब्रिगेड चिरडली गेली आणि साहेब इटालियनांच्या कैदेत गेले. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीनं शस्त्रं टाकली. त्यानंतर ते निसटून आपल्या फौजेत परतले.

आणि १९४४ मध्ये, ज्या देशाच्या कैदेत होते त्याच इटलीत, ते दहाव्या हिंदी डिव्हिजनचे सेनापती म्हणून उतरले. त्या डिव्हिजनमध्ये कोण होतं? त्यांचीच जुनी तिसरी पलटण!

१० जुलै १९४४. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तिसऱ्या पलटणीच्या नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन चालली. घाडगे सोडून सगळे पडले, कुणी मेले, कुणी जखमी. घाडगे एकटे तोफेवर धावले. हातबॉम्बनं तोफ आणि तोफेवरचा माणूस संपवला, एकाला टॉमीगननं टिपलं, आणि मॅगझिन बदलायला वेळच नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना दस्त्यानं ठोकून मारलं. मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून गेले. वय २२. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा पोर. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कबर नाही, कासिनोच्या स्मारकावर नाव कोरलंय. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावात त्यांच्या नावानं सूर्यघड्याळ उभं राहिलं, तेही कितीतरी उशिरा.

रीड १९७० मध्ये वारले. तिसरी पलटण स्वातंत्र्यानंतर पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. आजची २ पॅरा ती हीच. साहेबांची कारकीर्द तारीखवार मांडता येते, घाडग्यांचीही निदान एक तारीख आहे. पण त्या रात्री पिनॅकल चढलेल्यांतले आपल्या बेळगाव, चंदगड, खानापूर भागातले कोण होते?

म्हणून एक विनंती. घरातली जुनी ट्रंक उघडून बघा. सहा टोकांचा पिवळट तारा असेल आणि त्याची फीत वाळूच्या रंगाची, मधे तांबडा पट्टा, असली तर तो आफ्रिका स्टार. तांबडी-पांढरी-हिरवी फीत असली तर इटली स्टार. आजोबांचं नाव, गाव आणि पलटणीचा आकडा एवढं खाली लिहा.