काहीच न शोधता

औषधाच्या गोष्टीत आपल्याला शोधाचा क्षण हवा असतो. व्हिक्टोरिया हेल यांच्या गोष्टीत तो नाही. औषध आधीपासूनच होतं, आणि मला तीच भानगड महत्त्वाची वाटते.

पॅरोमोमायसिन हे १९५०च्या दशकातलं अँटिबायोटिक. काळा आजारावर ते चालतं याचे पुरावे जमले होते, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने चाचण्याही झाल्या होत्या. वालुमाशीतून पसरणारा हा आजार. ताप हटत नाही, प्लीहा सुजून पोट फुगतं, उपचार मिळाले नाहीत तर माणूस बहुधा जातोच. बिहारमध्ये अँटिमनीची जुनी इंजेक्शनं अनेकांवर चालेनाशी झाली होती. तरीही पॅरोमोमायसिन अडून राहिलं, कारण शेवटची मोठी, महागडी चाचणी करणार कोण? रुग्ण मातीच्या घरांत राहणारे. त्यांच्याकडून तो खर्च वसूल होणार नव्हता.

हेल यांनी अमेरिकेच्या औषध नियंत्रकांकडे, म्हणजे एफडीएत काम केलं होतं, मग जेनेन्टेक कंपनीत. औषधाला मंजुरी कशी मिळते हे त्यांना टेबलाच्या दोन्ही बाजूंनी माहीत होतं. २००० साली सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी 'वनवर्ल्ड हेल्थ' काढली: औषध कंपनीच, फक्त नफ्याशिवाय. पैसा मुख्यतः गेट्स फाउंडेशनचा.

बिहारमधल्या चाचणीत ६६७ रुग्ण होते. पॅरोमोमायसिनने ९४.६ टक्के बरे झाले, अँफोटेरिसिन-बीने ९८.८ टक्के. म्हणजे नवं औषध सरस नव्हतंच! पण अँफोटेरिसिनसाठी महिनाभर दिवसाआड सलाईन लावावं लागे. हे २१ दिवस रोज कुल्ल्यावर टोचलं की झालं, आणि स्वस्तही. बाजाराच्या भाषेत हा 'किंचित कमी' माल. रोजंदारी बुडवून खाटेशेजारी बसणाऱ्या बापाला विचारा. २००६ साली भारतात मंजुरी मिळाली, उत्पादन हैदराबादच्या ग्लँड फार्माकडे गेलं.

इथे टाळ्या वाजवून थांबता आलं असतं. पण काही वर्षांत लायपोसोमल अँफोटेरिसिन आलं, एकाच दिवसात एकच सलाईन. जागतिक आरोग्य संघटनेमार्फत गिलियड कंपनीने ते दान म्हणून दिलं, आणि बिहारमध्ये तेच पहिल्या पसंतीचं ठरलं. नफा कमावणाऱ्या कंपनीचं दान! वनवर्ल्ड हेल्थ पुढे 'पाथ' या संस्थेत विलीन झाली.

हेल मात्र तोवर दुसऱ्या कंपनीकडे वळल्या होत्या. २००९ची 'मेडिसिन्स३६०' गर्भनिरोधक साधनासाठी. या वेळी निव्वळ देणग्यांवर भिस्त नव्हती: खासगी बाजारात विक्री व्यापारी भागीदाराने करायची, सरकारी मदतीवरच्या दवाखान्यांना तेच साधन स्वस्तात द्यायचं. 'लिलेटा'ला २०१५ साली अमेरिकेत मंजुरी मिळाली. मला ही दुसरी कंपनी जास्त धूर्त वाटते, चांगल्या अर्थाने.

आणि पॅरोमोमायसिन? पूर्व आफ्रिकेत ते अँटिमनीच्याच जोडीला देऊ लागले. तिथला ३० दिवसांचा कोर्स १७ दिवसांवर आला.